पैनगंगेच्या तळाशी, खाडीच्या चिखलात



आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आज मी तुमच्याशी समुद्रकाठच्या एका माशाबद्दल बोलणार आहे, कारण त्याचे भाऊबंद तुमच्या नदीत राहतात.

माझं बालपण रायगडच्या खाडीकाठी गेलं. ओहोटी लागली की खाडीत चिखलाचं मैदान उघडं पडतं. पावसात पऱ्हाटीच्या शेतात पाय घोट्यापर्यंत रुततो ना, तसाच काळा, चिकट चिखल. फक्त तिथे माणूस मांडीपर्यंत आत जातो. त्या चिखलावर वीतभर लांबीचे, मातकट रंगाचे मासे सरपटतात, उड्या मारतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्यांना आम्ही निवटी म्हणतो. आगरी-कोळी माणसं बिळात हात घालून निवट्या पकडतात आणि त्यांचं झणझणीत कालवण करतात.

आता हिचं रूप बघा. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर, बाहेर आलेले. ते कोरडे पडू लागले की निवटी ते आत ओढून घेते, ओले करते आणि पुन्हा वर काढते. छातीजवळचे पर इतके दणकट, की त्यांच्यावर भार देऊन ती पुढे सरकते. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी साठवलेलं असतं, शिवाय ओल्या कातडीतूनही ती श्वास घेते. म्हणून तर अंग ओलं राहावं यासाठी ती मधूनमधून डबक्यात लोळते. आपल्या खाड्यांतली मोठी निवटी डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत चिखलावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडून खाते. नर पाठीवरचा पर उभारून हवेत उडी घेतो, मादीने बघावं म्हणून.

या मोठ्या निवटीची शास्त्रीय नोंद १८३७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेंसिएन यांनी केली, तीही मुंबईच्या नमुन्यांवरून. बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी हे नाव ड्युसुमिए या दर्यावर्दी व्यापाऱ्यावरून आलं.

मला सर्वात थक्क करते ती तिच्या घराची रचना. बिळाच्या तळाशी पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. मग अंडी जगणार कशी? जपानी संशोधकांना जपानमधल्या एका निवटीच्या बाबतीत असं आढळलं, की नर बाहेरून तोंडात हवा भरून आणतो आणि बिळातल्या एका उंच कप्प्यात सोडतो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. अंडी त्या हवेच्या कप्प्याच्या छताला चिकटलेली असतात. पिल्लं बाहेर पडायची वेळ झाली की तोच नर ती हवा तोंडाने बाहेर नेतो, पाणी वर चढतं आणि पिल्लं पोहू लागतात. एवढ्याशा माशाची ही मेहनत आहे, मुलांनो!

निवटी गोबी माशांच्या गोतावळ्यातली. त्यात सुमारे २,००० जाती आहेत. बहुतेक लहान, तळाशी बसणाऱ्या. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. त्या वाटीने हे मासे दगडाला चिकटून राहतात. प्रवाळाजवळचे काही गोबी एका झिंग्याच्या बिळात राहतात. झिंग्याला नीट दिसत नाही, म्हणून तो आपली मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवतो. धोका दिसला की मासा शेपटी हलवतो आणि दोघेही आत पळतात.

या गोतावळ्यातला ग्लॉसोगोबियस जियुरिस गोदावरीच्या खोऱ्यातही आढळतो. निसर्गअभ्यासक हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. चपटं डोकं, पुढे आलेला खालचा जबडा, तपकिरी अंगावर काळसर ठिपके. वाळूत निपचित पडून राहतो आणि लहान मासा जवळ आला की झडप घालतो. गोड्या पाण्यातही राहतो, खाडीतही.

तुमची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती काळेश्वरमला गोदावरीत जाते. गोदावरी जिथे समुद्राला भेटते, तिथे काकिनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, आणि तिथल्या चिखलावर निवट्या उड्या मारतात. भीमपूर, जैनथ, बेल्याच्या शिवारातलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतं. शेतातून वाहून गेलेलं फवारणीचं औषधही पोचतं, हे मला सांगायलाच हवं. तळाशी राहणाऱ्या माशाला पळायला जागा नसते. खाडीत भराव पडला की निवटीचं घर जातं, नदीतली वाळू उपसली की इथल्या माशाचं जातं. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे, पण गावच्या नदीला असा दर्जा कोणी देत नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. उन्हाळ्यात पाणी निवळ होतं, तेव्हा सातवी-आठवीच्या मुलांना शिक्षकांसोबत नदीवर न्या. मासे धरणाऱ्या काकांना सोबत घ्या. तळाशी कोणता मासा दिसला, वाळूत की दगडाखाली, याची वही ठेवा. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, ज्या घरात त्याला जे नाव असेल ते त्यात लिहा. शाळेने ही वही सुरू केली, तर पुढच्या वर्षी ती बघायला मी स्वखर्चाने येईन.

आता बक्षिसांची वेळ झाली. थांबतो.