पाहणी : कागदावरची आणि डोळ्यांनी केलेली
(सुवर्णमहोत्सवानिमित्त उंबरमाळी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कापडाच्या पेढीवर एक जुना दंडक असतो. ताका कितीही नामांकित गिरणीचा असो, तो उलगडून उजेडात धरल्याशिवाय स्वीकारायचा नाही. वरची घडी नेहमीच सुरेख असते. विरलेला धागा आत दडलेला असतो. वास्तूचेही तसेच आहे. दर्शनी भिंतीला रंग दिला म्हणजे आतील सळई गंजायची थांबत नाही. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वास्तूंच्या पाहणीचा, काहीसा रुक्ष वाटणारा, विषय येथे मांडणे उचित ठरेल.

या विषयाचा धडा घ्यावा तो महाडकडून. सावित्री नदीच्या काठी वसलेले महाड ही कोकणातील जुनी बाजारपेठ. जवळच गांधारपाले येथील प्राचीन बौद्ध लेणी आणि छत्रपतींची राजधानी रायगड. याच नगरीत १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचे ठरविले. परंतु तो ठराव दप्तरातच राहिला. तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत येण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा निर्णय आणि जमिनीवरची वस्तुस्थिती यांत किती अंतर असू शकते, हे या नगरीने फार पूर्वीच पाहिले आहे. दुर्दैवाने तेच अंतर पुढे वास्तूंच्या बाबतीतही दिसले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला महापूर आला आणि महाडजवळील मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला. एस. टी.च्या दोन बसगाड्या व इतर वाहने पाण्यात गेली; अनेक कुटुंबांचे आधार हरपले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य आढळला होता, असे शासनातर्फे सांगण्यात आले. म्हणजे पाहणी झाली नव्हती असे नाही. पण पुलाचे आयुष्य पाण्याखालच्या पायावर अवलंबून असते आणि पायाखालची माती प्रवाह खरवडून नेतो. वरून कठडा पाहून पायाची प्रकृती समजत नाही. पाहणी झाली एवढे पुरेसे नसते. ती कशाची झाली, हे महत्त्वाचे असते.

दुसरी घटना २४ ऑगस्ट २०२० ची. महाड शहरातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत सायंकाळी कोसळली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. ढिगाऱ्याखालून एक चार वर्षांचा मुलगा कित्येक तासांनी जिवंत बाहेर निघाला, तेव्हा जमलेल्या लोकांचे डोळे पाणावले. ही इमारत जुनी नव्हती. तिला जेमतेम दशकभर झाले होते. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार यांच्यासह नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदविण्यात आला. महापालिका क्षेत्रांत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींसाठी संरचना स्थैर्याचा दाखला घेण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु बांधकामाच्या वेळीच लबाडी झाली असेल, तर तीस वर्षांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. इमारतीची खरी पहिली पाहणी पाया भरताना आणि स्लॅब टाकताना व्हावी लागते.

तिसरी घटना २२ जुलै २०२१ ची. अतिवृष्टीने संपूर्ण महाड शहर जलमय झाले. दुकानांतील माल चिखलात गेला, आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. पूर ओसरल्यावर व्यापारी प्रथम माल वाळवतो, हिशेब लावतो, दुकान उघडतो. भिंतीचा पाया भिजून खचला का, हे पाहण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. काल सुस्थितीत असलेली वास्तू एका रात्रीत धोकादायक होऊ शकते. म्हणून पुरानंतर नव्याने पाहणी आवश्यक ठरते.

ज्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, त्यात अनुभवी अभियंता प्रथम डोळ्यांनी तडे, ओल, खाली झुकलेल्या तुळया पाहतो. मग विशिष्ट हातोड्याने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा आणि ध्वनिलहरींनी आतील पोकळपणा तपासला जातो. आवश्यक तेथे काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवितात. निष्कर्षानुसार इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करावयाची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

ही व्यवस्था असूनही लोक पाहणी टाळतात. भाडेकरूला वाटते, एकदा घर सोडले की परत ताबा मिळणार नाही. मालकाला वाटते, तुटपुंज्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च कोठून करावा. ही भीती अनाठायी नाही. म्हणून घर रिकामे होण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्राचे मोजमाप लेखी नोंदविले गेले पाहिजे. हक्काची हमी असेल, तरच माणूस धोक्याच्या छपराखालून बाहेर पडेल.

उंबरमाळी, खर्डी, कसारा हा सारा परिसर सह्याद्रीच्या पायथ्याचा, मुसळधार पावसाचा. शहापूर आणि मुरबाड येथे आता नगरपंचायती आहेत. कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे येत आहेत. जुन्या भिंतींवरच नवा मजला चढतो, आणि अनेकदा अभियंत्याऐवजी गवंड्याच्या अंदाजावर काम भागते. महाडचे दुःख येथे येऊ नये, यासाठी आजच सावध होणे हिताचे.

बंधू-भगिनींनो, धार्मिक न्यासांवर तर अधिक जबाबदारी आहे. चातुर्मासात आणि पर्युषणात उपाश्रय भरून जातात; म्हणजे ज्या काळात भिंती सर्वाधिक भिजलेल्या असतात, त्याच काळात त्यांच्या आश्रयाला सर्वाधिक माणसे येतात. साधू-साध्वी आपली वस्त्रे व पात्रे सकाळ-संध्याकाळ बारकाईने निरखतात. त्याला पडिलेहण म्हणतात. सूक्ष्म जीवालाही इजा होऊ नये, हा त्यामागील भाव. एका वस्त्रासाठी दिवसातून दोनदा पाहणी, मग शेकडो जीव सामावणाऱ्या वास्तूसाठी वर्षातून एकदा तरी नको काय?

म्हणून नम्र सूचना अशी : न्यासाच्या प्रत्येक वास्तूची एक वही असावी. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पावसाच्या आधी, अभियंत्याकडून पाहणी करून तिचा अहवाल वार्षिक हिशेबाबरोबर सभेपुढे वाचला जावा. देणगीचा काही भाग नव्या कमानीआधी जुन्या पायासाठी राखून ठेवावा. पायासाठी दान देणाऱ्याचे नाव संगमरवरावर झळकणार नाही. परंतु त्या छपराखाली निर्धास्त बसलेला प्रत्येक जीव हीच त्या दानाची पावती असेल.

जय जिनेंद्र.