राखणीचा कुत्रा अचानक आजारी पडला तर



गाई-म्हशींच्या आजारांवर आपलं वरचेवर बोलणं होतं. राखणीच्या कुत्र्याविषयी मात्र फारसं कोणी विचारत नाही. निर्मळ, आगाशी, अर्नाळ्याकडच्या केळीच्या आणि भाजीच्या वाड्या असोत, की पूर्वेकडची पारोळ, कामणची भातशेती असो, दारात एक कुत्रा असतोच. तो जागा असतो म्हणून आपण निर्धास्त झोपतो. हाच कुत्रा संध्याकाळपर्यंत बरा असतो आणि रात्री तोंडाला फेस येऊन तडफडू लागतो. मग घरात एकच घबराट. कोणी म्हणतं, “पिसाळला, काठी आणा.” कोणी म्हणतं, “घशात हाडूक अडकलंय, हात घालून काढा.” दोन्ही सल्ले घातक आहेत. पहिल्याने वाचण्याजोगा कुत्रा हकनाक मरतो, दुसऱ्याने माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून कारणं समजून घेऊ.

उंदरांचं विष

भाताचा दाणा भरू लागला की बांधावर उंदीर वाढतात आणि आपण विषारी आमिष ठेवतो. झिंक फॉस्फाईड ही काळपट करडी पूड भरड्यात तेल घालून कालवतात. त्या वासावर कुत्राही येतो. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन या पुडीतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. काही मिनिटांत किंवा चार-पाच तासांत ओकाऱ्या, धाप, झटके सुरू होतात. ओकारीला लसणासारखा वास येतो. या विषावर खास उतारा नाही, पण वेळीच उपचार मिळाले तर जनावर वाचू शकतं.

अशा वेळी दूध-भाकरी मुळीच देऊ नका. अन्नामुळे पोटात आम्ल वाढतं आणि वायू अधिक सुटतो. ओकारीतूनही हा वायू बाहेर पडतो, म्हणून कुत्र्याला मोकळ्या हवेत ठेवा, त्यावर वाकून वास घेऊ नका आणि मुलांना लांब ठेवा.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचं तंत्र वेगळं. त्या खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतो. मग हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं, शेण काळं होतं, कारण रक्त गोठेनासं होतं. यावर के-१ जीवनसत्त्वाचा चांगला उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो. तेव्हा वडी खाताना दिसली, तर लक्षणांची वाट पाहू नका. विषाचं वेष्टन घेऊन त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. नाव वाचलं की डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

गोचिडांसाठी कुत्र्याला पिकावरच्या कीटकनाशकाने धुण्याची चालही सोडा. ते कातडीतून अंगात भिनतं. लाळ गळून अंग थरथरू लागलं, तर हातमोजे घालून साबणपाण्याने धुवा आणि दवाखान्यात न्या.

सर्पदंश

गवतात, पेंढ्याखाली घोणस असते. ती चावली की तोंड किंवा पाय भराभर सुजतो. नाग-मण्यारच्या दंशात सूज कमी असली तरी कुत्रा लुळा पडत जातो. जखम कापू नका, आवळून बांधू नका. चालवू नका, गोणपाटावर घालून उचलून न्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही लागू पडतं.

पिसाळणं

आता मुख्य गोष्ट. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा धावून चावतोच असं नाही, बरं का. या रोगाचा एक मुका प्रकार आहे. कुत्रा कोपऱ्यात दडतो, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. नेमकं हेच पाहून घशात हाडूक अडकल्याचा समज होतो. हातावर बारीक ओरखडा असला तरी लाळेतून रोग शिरू शकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात कोणीही, कधीही हात घालू नये. त्याला खोलीत कोंडा आणि पशुवैद्याला कळवा.

कोणाला चावा, ओरखडा किंवा लाळ लागलीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना लस घ्या. लुई पाश्चरने १८८५ साली ही लस प्रथम एका मुलाला टोचली. इतका जुना उपाय हाताशी असताना केवळ हयगयीने माणूस जाऊ नये.

आजच करून ठेवायच्या गोष्टी

१. आमिष बिळाच्या आत ठेवून तोंड बुजवा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. तेवढे दिवस कुत्रा बांधून ठेवा.

२. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याविरुद्धची लस द्या आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी टोचून घ्या.

३. कुत्र्याच्या हिरड्या बऱ्या असताना पाहून ठेवा. निरोगी हिरडी गुलाबी असते, ताप १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाईट असतो.

४. जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक भिंतीवर लिहा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांकही त्याखाली लिहा. मोठ्या उपचारांसाठी परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, पण महामार्गावरची गर्दी पाहता आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

५. मीठपाणी, तेल पाजून ओकारी काढू नका. झटके येत असताना पाजलेलं फुप्फुसात जातं. ओकारी काढायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

मंडळी, मुक्या जनावराला कुठे दुखतं ते सांगता येत नाही. काय खाल्लं, केव्हापासून, लस कधी दिली, या तीन प्रश्नांची उत्तरं धन्याने तयार ठेवली, तर पुष्कळदा तेवढ्याने जीव वाचतो.