कण्याला ताण : ट्रॅक्शनच्या उपचाराविषयी

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तिला एक तात्कालिक कारण आहे. वैद्यकीय साहाय्य निधीतून कमरेला व मानेला ताण देण्याचे, म्हणजे ज्यास सर्वत्र ट्रॅक्शन म्हणतात त्याचे, यंत्र विकत घ्यावे अशी सूचना सभेपुढे आलेली आहे. सूचनेमागील कळकळ खरी आहे. शिंपीकामात पिढ्या घालविलेल्या आपल्या ज्ञातीत मान वा कंबर धरली नाही असे घर विरळा. पायमशीनला मोटर लागली, पुष्कळांनी कात्री सोडून कचेरीची खुर्ची पत्करली, तरी मान खाली घातलेली ती घातलेलीच राहिली. भौतिकोपचार हाच आमचा व्यवसाय असल्याने असल्या यंत्राचा मोह आम्हांस इतरांहून अधिक असावयास हवा. परंतु निधी घरोघरच्या वर्गणीचा आहे. तेव्हा या यंत्राकडून काय साधते व काय साधत नाही, हे स्पष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

कणा ताणण्याची कल्पना फार जुनी. ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिस याच्या नावावरील ग्रंथांत रुग्णास फळीवर बांधून दोन्ही बाजूंनी ओढण्याची रीत वर्णिलेली आहे. रुग्णास शिडीला बांधून ती शिडी उंचावरून आदळण्याचाही एक प्रकार त्या काळी होता. मात्र गर्दीचे डोळे दिपविण्यासाठी तो करणाऱ्या वैद्यांची त्याच ग्रंथात चांगलीच हजेरी घेतलेली आहे. अर्वाचीन काळात या उपचारास जोर आला तो १९३४ नंतर. त्या वर्षी बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी दाखवून दिले की, दोन मणक्यांमधील गादी फुटून मज्जातंतूवर दाब आल्यास पायात कळ जाते. मग दाब आहे तर मणके ओढून तो काढावा, हा विचार ओघानेच आला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरियाक्स यांनी १९५० च्या सुमारास त्याचा हिरिरीने पुरस्कार केला.

येथे थोडे गणित पाहावे लागेल. गादीवर निजलेल्या माणसाच्या शरीराचा सुमारे अर्धा भार कमरेखाली असतो, आणि हा भाग अंथरुणावर ओढावयाचा तर घर्षणापोटी त्याच्या निम्मे बळ खर्ची पडते. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसास पंधरा किलोंचा ताण दिला, तर तो घर्षणातच संपतो. कण्यापर्यंत काही पोहोचत नाही. ही गोष्ट अमेरिकेतील डॉ. ज्युडोविच यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविली आणि खालचा अर्धा भाग चाकांवर सरकणारे टेबल प्रचारात आले. त्यापूर्वी कंबरदुखीच्या रुग्णाच्या पायांस चार-पाच किलोंची वजने लटकवून त्यास आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवीत. त्या वजनांनी कणा ताणला जात नव्हता. रुग्ण उठून जाऊ नये एवढेच त्यांनी साधे!

यंत्राने ताण दिला असता मणक्यांमधील अंतर किंचित वाढते, हे खरे. ताण काढून माणूस उभा राहिला की ते पूर्ववत होते. रात्रभर निजून उठल्यावर आपण प्रत्येक जण सेंटिमीटरभर उंच झालेला असतो व सायंकाळपर्यंत तेवढाच खुजा होतो. हे काम खाट रोज फुकट करीत असते. शिवाय आपल्यात 'मणक्यात गॅप आली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः बहुधा गादी झिजून मणके जवळ आलेले असतात. गॅप आली म्हणून रडावयाचे आणि ती वाढविण्यासाठी पैसे मोजावयाचे, हा विनोद भाषेने केलेला आहे.

मग रुग्णास बरे वाटते ते कशाने? हॉलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात कंबरदुखीच्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एकास वजनाच्या पस्तीस ते पन्नास टक्के इतका खरा ताण दिला, दुसऱ्यास नाममात्र. पाच आठवड्यांनी दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०१३ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत अशी ३२ परीक्षणे व २७६२ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीस व सायटिकेस ट्रॅक्शन देऊ नये असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीपुरते तेच म्हटले.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसास बोलावून त्याचा पाय पाठीस लावून घेतात. दोन दिवसांत उसण उतरते आणि पायाळूचे नाव होते. ती उसण तशीही उतरणारच होती. गादी सरकून पायात कळ आली तरी बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून सुधारतात. पुष्कळदा बाहेर आलेला गादीचा भाग शरीर आपणच शोषून घेते. दहा दिवसांच्या ट्रॅक्शनला या काळाचे आयते श्रेय मिळते. पायाळू निदान पैसे तरी घेत नाही.

याचा अर्थ ट्रॅक्शन सर्वथा निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. अपघातात मानेचा मणका मोडला वा निखळला असता कवटीस चिमटे लावून दिलेला ताण रुग्णास तारू शकतो. फार वाकड्या कण्यास शस्त्रक्रियेपूर्वी हळूहळू सरळ करण्यासही तो लागतो. हातात कळ उतरणाऱ्या मानदुखीत काहींना व्यायामाच्या जोडीने ताणाचा गुण येतो, मात्र त्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. तो जाणत्याने तपासून द्यावयाचा. दारावर कप्पी व पाण्याची पिशवी अडकवून घरच्या घरी नव्हे.

कारण भय निराळेच आहे. प्रत्येक कंबरदुखी गादीची नसते. सायंकाळी ताप, घटणारे वजन, रात्री निजू न देणारी वेदना, ही कण्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात, आणि हा रोग आपल्या देशात आजही आढळतो. असा किंवा कर्करोगाने पोखरलेला मणका, उतारवयातील ठिसूळ हाडे, संधिवाताने सैल झालेली मान, यांना यंत्रावर बांधणे म्हणजे अनर्थ ओढवून घेणे. लघवी अडली, गुदद्वाराभोवती बधिरता आली, पाय लुळा पडू लागला, तर दवाखान्याची वेळ न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे तासांचा हिशेब असतो. आमच्या भगिनींस विशेष विनंती, की लाजेपोटी ही लक्षणे झाकून ठेवू नयेत. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात.

तेव्हा आमचे मत असे की, यंत्र घेऊ नये. त्या रकमेतून एखाद्या प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञास आठवड्यातून एक वेळ बोलवावे. त्याने रुग्ण तपासावा, संशय आल्यास पुढे पाठवावा, उरलेल्यांस व्यायाम शिकवावा. फिनलंडमधील १९९५ च्या परीक्षणात कंबर धरलेल्या १८६ नोकरदारांपैकी जे झेपेल तसे नित्याचे काम करीत राहिले, तेच अंथरुणावर पडलेल्यांहून लवकर बरे झाले. मशीनवरील बांधवांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावी, बैठक उंच करून शिवण डोळ्यांजवळ आणावी, लग्नसराईत सलग रात्री जागवू नयेत. शेवटची सूचना गिऱ्हाइकांच्या हाती आहे, हे आम्ही जाणून आहो.

व्यायामास जागा फार लागत नाही. सभागृहामागील खोलीतील मोडक्या खुर्च्या हलविल्या आणि दोन सतरंज्या अंथरल्या, तर येत्या महिन्यापासून आरंभ करता येईल.