दोन ग्रहणे आणि एक पिवळी रेषा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनीच मला ग्रहण पाहावयास शिकविले. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार-अंकोल्याच्या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला गेला. मांद्र्यात त्याची बारीक कोर उरली होती. वेध पाळून लोक दारे लावून बसले होते. गुरुजींनी आम्हां चार-पाच मुलांना फणसाखाली नेले आणि म्हणाले, "वर नको, खाली पाहा." मातीवरचा प्रत्येक कवडसा कोरीच्या आकाराचा झाला होता.

पुढे मी याच शाळेत शिक्षक झालो. हेलियमचा शोध विजयदुर्गावर, १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात, नॉर्मन लॉकियर यांनी लावला, असे मी वर्गात वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आलो. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवावयास सहलीही नेल्या. अशाच एका सहलीहून परतताना आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, ऑगस्टात आमच्याकडे छत्री मिटत नाही. साहेबाला सूर्य दिसला कसा?"

मला उत्तर देता आले नाही.

शोधू लागलो तेव्हा कळले की, त्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. गुंटूरला होते ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहता येतात हे त्यांनी दाखविले. लॉकियर यांनी हेच स्वतंत्रपणे, इंग्लंडमध्ये बसून, २० ऑक्टोबर १८६८ रोजी साधले. त्या रेषांतील एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेजवळ होती. पण तिच्याशी जुळत नव्हती. पृथ्वीवर अज्ञात अशा मूलद्रव्याची ती असावी, हे अनुमान लॉकियर यांचे. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव हेलियम पडले. कित्येक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. १८९५ साली रॅम्झे यांनी लंडनमध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू मिळविला, तेव्हा वाद मिटला.

मग ते कट्टे खोटे काय? मुळीच नाही. लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. आभाळ निरभ्र असण्याचा तो महिना; मुलीचा प्रश्न येथे सुटतो. मुंबई-पुण्याकडे प्लेगची दहशत होती. 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या हाताखाली काम करीत होते. लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णपट टिपावयास मिळाली सुमारे दोन मिनिटे. त्याच दिवशी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूरकडील जेऊर येथे आपली उपकरणे मांडून बसले होते. आपल्या माणसाची ही कामगिरी पाठ्यपुस्तकांत का येत नाही, कोण जाणे!

दोन ग्रहणे आणि एकच साहेब. लोकस्मृतीत त्यांची गाठ बसली. मुद्दाम कोणी खोटे रचले असेल असे मला वाटत नाही. मीही ते तपासल्यावाचून शिकविले, एवढे खरे.

त्या मुलीच्या वर्गापुढे मी दुसऱ्याच दिवशी चूक कबूल केली. तिच्या आधीच्या तुकड्या मात्र तीच समजूत घेऊन शाळेबाहेर पडल्या होत्या. त्यांपैकी कित्येकजण आज समोर बसलेले दिसतात. त्यांना हे सांगावयाचे राहिले होते.