मशीन विजेचं की हवेचं?



आमचा बचत गट कापडी पिशव्या शिवतो आणि त्यावर नाव, चित्र छापून देतो. २०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून किराणा दुकानदार, सराफ, लग्नघरं अशी गिऱ्हाइकं वाढत गेली. छपाई मात्र हातानंच चालायची. चौकट ठेवायची, शाई ओतायची, रबर ओढायचा, चौकट उचलायची. गेल्या दिवाळीत दोघींचे खांदे धरले. एक म्हणाली, "हात वर होत नाही, मला शिलाईवर बसवा." तेव्हा छपाईचं मशीन घ्यायचं ठरलं, आणि गटात भांडणंही सुरू झाली.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही द्रोण-पत्रावळीचं मशीन घेतलं होतं. पूर्ण पैसे आधी भरले. चार महिन्यांत ते बंद पडलं आणि विकणाऱ्याचा फोन लागेना. बंद मशीनचे हप्ते आम्ही दोन वर्षं फेडले. म्हणून या वेळी सगळ्याजणींनी समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही, असं ठरवलं.

मशीन दोन प्रकारची निघाली. हवेच्या मशीनला कॉम्प्रेसर लागतो, म्हणजे पंक्चरच्या दुकानात असते तशी हवेची टाकी. दाबलेली हवा नळीतून येते आणि रबर पुढेमागे ढकलते. विजेच्या मशीनमध्ये हेच काम मोटर करते.

हवेच्या मशीनचे भाग साधे. नळी, सील, व्हॉल्व्ह शहरातल्या दुकानात मिळतात. पण कॉम्प्रेसरचा खर्च वेगळा, आवाज मोठा. टाकीत पाणी साठतं, ते रोज सोडावं लागतं, पावसाळ्यात तर जास्तच. कुठं हवा गळाली की दाब उतरतो, रबराचा वेग बदलतो आणि छपाई एका पिशवीवर गडद, दुसरीवर फिकी येते.

विजेच्या मशीनचा वेग एकसारखा राहतो, आवाज कमी. पण व्होल्टेज वरखाली झालं तर आतलं कार्ड जळू शकतं, आणि ते गावातल्या वायरमनच्या हातचं काम नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला विचारल्यावर कळली. विजेचं म्हणून विकलेल्या काही मशीनमध्येही रबराचा दाब हवेवरच असतो, म्हणजे तिथंही कॉम्प्रेसर आलाच.

आमची हिशेब लिहिणारी ताई हुशार. तिनं विजेचं गणित मांडलं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. तेवढी मोटर तासभर पूर्ण भारानं चालली तर साधारण पाऊण युनिट. आम्हाला सांगितलेला कॉम्प्रेसर ३ एचपीचा होता, म्हणजे तासाला सव्वादोन युनिट. हे बिल पिशवीच्या दरात बसतं का, ते तिनं सगळ्यांसमोर दाखवलं.

मग आम्ही पाचजणी मशीन बनवणाऱ्या दोघांकडे जाऊन आलो. पहिल्याकडे हवेचं मशीन. चहा दिला, रंगीत पत्रक दिलं. "ताई, काही काळजी करू नका," असं तीनदा म्हणाला. आधी कुणाला मशीन दिलंय, त्यांचा पत्ता द्या म्हटलं, तर विषय बदलला. पैसे मात्र सगळे आधी हवे होते.

दुसऱ्याचं लहानसं शेड, तिथं विजेचं मशीन. तो म्हणाला, "तुमच्याकडे व्होल्टेज किती येतं ते आधी सकाळ-संध्याकाळ मोजून आणा. स्टॅबिलायझर लागेल, तो खर्च धरा." स्वतःच्या मशीनची उणी बाजू त्यानं न विचारता सांगितली. जुन्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर दिले. त्यातल्या एका बाईंकडे आम्ही न कळवता गेलो. त्या म्हणाल्या, "एकदा बंद पडलं होतं. तिसऱ्या दिवशी माणूस आला." मशीन कधी बंदच पडत नाही असं त्या म्हणाल्या असत्या, तर आमचा विश्वास बसला नसता.

मग आमच्याच शंभर पिशव्या आणि आमचीच शाई घेऊन गेलो. पहिली आणि शंभरावी पिशवी शेजारी ठेवून पाहिली. रंग सारखा होता, पण शिवणीजवळ चित्र तुटत होतं. हातानं छापताना आम्ही तिथं जोर देत होतो, मशीन तसा देत नाही. म्हणून आता आधी कापड छापतो, मग शिवतो.

व्यवहार कागदावर केला. मशीनची किंमत, जीएसटी, भाडं, बसवून देणं, शिकवणं, वॉरंटीत काय येतं आणि काय नाही, बिघाड झाल्यावर किती दिवसांत माणूस येणार, हे सगळं लिहून घेतलं. पैसे तीन टप्प्यांत ठरवले: थोडे ऑर्डर देताना, बरेचसे चाचणीनंतर, उरलेले महिनाभर मशीन चालल्यावर. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर तपासला. तो १५ अक्षरांचा असतो आणि आपल्या राज्यातला असेल तर २७ नं सुरू होतो. बिल गटाच्या नावानं घेतलं.

आता मशीन येऊन चार महिने झाले. खांदा धरलेली आमची मैत्रीणच ते चालवते. एकदा बंद पडलं. फोन लागला, माणूस चौथ्या दिवशी आला. तोवर जुन्या टेबलावर हातानं छापलं. ते टेबल आम्ही विकलेलं नाही, कारण लाईट गेली की विजेचं काय आणि हवेचं काय, दोन्ही मशीन गप्पच.

हवेचं मशीन वाईट, असं आम्ही म्हणत नाही. पहिल्यानं पत्ते दिले असते, हप्ते मान्य केले असते, तर कदाचित तेच घेतलं असतं. तुमच्या गावात वीज कशी आहे, दुरुस्ती कोण करतं, ऑर्डर किती आहेत, त्यावर तुमचं उत्तर वेगळं येईल. फक्त मशीन बंद पडल्यावर कोण येणार, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि कोटेशन गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्याही प्रश्न विचारतील. आमच्याकडे सगळ्यात चांगला प्रश्न त्यांच्यातल्याच एका आजीनं विचारला होता: "हा माणूस पुढच्या वर्षी फोन उचलेल का?"