दिवा कुणाच्या घरी?

मोठं धरण झालं की सगळ्यांचं भलं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आज आम्ही दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची गोष्ट सांगतो. देश लहान, लोकसंख्या जेमतेम सहा लाख. डच राजवटीत १८७३ पासून आपल्या देशातले मजूर तिथल्या मळ्यांवर नेले गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं आहेत.

सुरिनामच्या मातीत बॉक्साइट सापडतं. त्यापासून अ‍ॅल्युमिनियम करायला वीज फार लागते. म्हणून सुरिनाम नदीवर अफोबाका इथं धरण बांधून १९६४ साली पाणी अडवलं. जलाशय सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा! त्यात मरून लोकांची गावं बुडाली. गुलामगिरीतून पळून रानात वसलेल्यांचे हे वंशज. हजारो माणसांना घरं, शेतं, पूर्वजांच्या जागा सोडाव्या लागल्या. वीज मात्र गेली कारखान्याला.

पुढं १९९९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची भट्टी बंद पडली. आता धरण सरकारकडे आहे, वीज राजधानी पारामारिबोला जाते. पण जलाशयाच्या वरच्या अंगाला कित्येक गावांत वर्षानुवर्षं डिझेलच्या जनित्रावर काही तासच दिवे लागत.

कोयनेचं पाणीही त्याच सुमारास अडलं. तिथून उठलेल्या आयाबायांना हे वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, गावात नवा प्रकल्प आला की वीज किती होणार, हे सगळेच विचारतात. ग्रामसभेत आपण आणखी दोन प्रश्न विचारूया : चूल कुणाची उठणार, आणि दिवा कुणाच्या घरी लागणार?