तोल सांभाळायचा खर्च कोण भरतो?

मी बेळ्ळंदूरहून बोलतोय. इथे आउटर रिंग रोडला लागून सॉफ्टवेअर कंपन्यांची दाटी आहे. दर आठवड्याला कुठे ना कुठे एखादं मराठी पोर मुलाखतीत फळ्यावर रेड-ब्लॅक ट्री काढत असतं. रोटेशन पाठ असतात, नोकरी लागते. मग वर्षभराने खरा प्रश्न येतो: टेबल वाढलंय, ऑर्डर नोंदवायला वेळ लागतोय, काय करू? तिथे पाठांतर संपतं. आज त्या प्रश्नाबद्दल बोलू.

आधी इंडेक्स म्हणजे काय ते बघू. गावाकडे सातबारा गट क्रमांकानुसार लावलेला असतो आणि आठ-अ खातेदारानुसार. जमीन तीच, शोधायच्या वाटा दोन. पण जमीन विकली आणि फेरफार मंजूर झाला, की दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागते. डेटाबेसचंही तसंच. टेबलावर पाच इंडेक्स असतील तर एक नवी ओळ घालताना पाच झाडांत नोंद करावी लागते. वाचणाऱ्याची सोय होते, पण तिचा खर्च लिहिणारा भरतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

साध्या बायनरी सर्च ट्रीमध्ये नोंदी चढत्या क्रमाने घातल्या तर झाड एकाच बाजूला वाढतं आणि त्याची दोरी होते. म्हणून तोल सांभाळावा लागतो. १९६२ मध्ये अॅडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी एव्हीएल ट्री मांडलं. त्याचा नियम कडक: कुठल्याही नोडच्या दोन बाजूंच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक नको. रेड-ब्लॅक ट्रीचा नियम त्यापेक्षा सैल आहे.

दहा कोटी नोंदी धरा. अगदी काटेकोर तोलाचं झाड २७ पातळ्यांचं होईल. एव्हीएल वाईटात वाईट साधारण ३८ पर्यंत जाईल, रेड-ब्लॅक ५३ पर्यंत. मग एव्हीएलच चांगलं ना? शोधच जास्त असतील तर हो. पण एव्हीएलमधून नोंद काढली तर रोटेशनची मालिका थेट मुळापर्यंत जाऊ शकते. रेड-ब्लॅकमध्ये नोंद काढताना जास्तीत जास्त तीन रोटेशन लागतात. जावाच्या ट्रीमॅपमध्ये रेड-ब्लॅक ट्री आहे, लिनक्स कर्नलमध्येही ते अनेक ठिकाणी सापडतं.

हे सगळं मेमरीतलं. डेटा डिस्कवर गेला की हिशेबच बदलतो. मेमरीतून वाचण्याच्या तुलनेत एसएसडीवरून वाचायला ढोबळमानाने हजारपट वेळ लागतो. मग ३८ पायऱ्या परवडत नाहीत. बोइंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९७० च्या सुमारास यावर बी-ट्री काढलं. एका नोडमध्ये एक नोंद ठेवण्याऐवजी अख्खं पान भरायचं. पोस्टग्रेसमध्ये हे पान ८ किलोबाइटचं असतं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ किलोबाइटचं. एका पानावर ५०० नोंदी धरल्या तर तीन पातळ्यांत साडेबारा कोटी नोंदी मावतात. वरच्या पातळ्या बहुधा मेमरीतच राहतात, त्यामुळे डिस्कवर एखादीच फेरी पडते.

आता त्याची किंमत. पान भरलं की ते दुभागावं लागतं, अर्ध्या नोंदी नव्या पानावर जातात आणि वरच्या पानातही नोंद करावी लागते. हे किती वेळा आणि कुठे घडेल, ते तुमच्या कीवर ठरतं.

इथल्याच एका कंपनीतला प्रकार मी जवळून पाहिला. ऑर्डरच्या टेबलाला प्रायमरी की म्हणून पूर्णपणे रँडम यूयूआयडी दिला होता. सुरुवातीला काहीच जाणवलं नाही, कारण इंडेक्स मेमरीत मावत होता. तो मेमरीबाहेर गेला आणि प्रत्येक नवी ऑर्डर झाडातल्या भलत्याच पानावर पडू लागली. ते पान आधी डिस्कवरून आणा, मग त्यात लिहा. सेलच्या दिवशी ग्राहक पैसे भरायला थांबलेले आणि इकडे नोंद अडकलेली. मोठं मशीन घेऊ, असं आधी ठरत होतं. शेवटी नव्या ओळींसाठी वेळेच्या क्रमाने वाढणारी की घेतली आणि ताण उतरला. मे २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५६२ मधला यूयूआयडीचा सातवा प्रकार असाच आहे: त्याचे पहिले ४८ बिट म्हणजे मिलिसेकंदातली वेळ.

पण हा उपाय सगळीकडे लावू नका. गूगलच्या स्पॅनरसारख्या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या डेटाबेसमध्ये क्रमाने वाढणारी की घेतली, तर सगळं लिखाण एकाच सर्व्हरवर जाऊन आदळतं. तिथे विखुरलेली कीच बरी.

लिखाण फारच जास्त असेल तर तिसरी वाट आहे: १९९६ मध्ये पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं एलएसएम ट्री. कॅसांड्रा आणि रॉक्सडीबी या वाटेने जातात. नव्या नोंदी आधी मेमरीत जमवायच्या, मग क्रमाने लावून एकगठ्ठा डिस्कवर लिहायच्या आणि अशा फायली मागाहून एकत्र करत राहायच्या. लिहिणारा सुटतो, पण वाचणाऱ्याला कधी कधी अनेक फायली धुंडाळाव्या लागतात, आणि फायली एकत्र करायचं काम मागे चालूच राहतं.

तेव्हा कोणतं झाड सर्वांत चांगलं, असं कुणी विचारलं तर उलट तीन प्रश्न विचारा. डेटा मेमरीत मावतो का? वाचन जास्त आहे की लिखाण? नव्या की कोणत्या क्रमाने येतात? मुलाखतीतसुद्धा आधी हे विचारा. समोरचा जाणकार असेल तर त्याला ते आवडेल.

आणि एक काम लगेच करता येईल. पोस्टग्रेस प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला याची मोजणी ठेवतं. ती उघडून बघा. महिनोन् महिने शून्यावर असलेला इंडेक्स दिसला, तर तो युनिक बंधनासाठी ठेवलेला नाही ना, रेप्लिकावर वापरात नाही ना, एवढं तपासा. नसेल, तर त्याचा कुणालाच उपयोग नाही आणि प्रत्येक नव्या ओळीमागे त्याचा खर्च मात्र चालू आहे. तो काढून टाका.